साडेचारशे पौंडांचा गाळ

२७ ऑक्टोबर
आज हिवाळ्यासाठी देशभरची घड्याळं एक तास मागे. म्हणजे हीटिंग लावायला माझी परवानगी. त्याआधी थंडी वाजणाऱ्यांनी स्वेटर घालावा. हा नियम वडिलांचा. ते ब्याण्णव वर्षं जगले. बॉयलर लावला. वरच्या खोल्या तापल्या. बैठकीतला भिंतीवरचा गरम पाण्याचा रेडिएटर मात्र वर कोमट, खाली प्रेतासारखा गार. ग्लेनिस म्हणाली, प्लंबर बोलाव. माझ्या बायकोला प्रत्येक दुखण्यावर हा एकच उपाय सुचतो.

३० ऑक्टोबर
प्लंबर आला. क्रेग डक्सबरी. दोन कप चहा आणि माझी चार बिस्किटं. मला सारखा 'दोस्त' म्हणतो. आमची दोस्ती कधी झाली? रेडिएटरला हात लावला आणि दातांतून सुस्स करून हवा आत ओढली. प्लंबरने हवा ओढली की आकडा फुगतो, हे आमच्या बर्नली गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणे पाइपांत वीस वर्षांचा गंज आणि गाळ साचलाय, मशीन लावून सगळं धुवावं लागेल. साडेचारशे पौंड! पाणी माझं, वीज माझी, गाळसुद्धा माझाच. वर म्हणतो, शेजारी डेस्मंडकडे गेल्याच महिन्यात केलं, तो आता घरात बनियनवर हिंडतो. डेस्मंडचं कौतुक माझ्या घरात नको. बाहेरचा रस्ता दाखवला.

२ नोव्हेंबर
ग्लेनिसने पंधरा तारखेची मुदत दिली. तोवर बैठक तापली नाही तर संध्याकाळची ती तिथे बसणार नाही. एकोणचाळीस वर्षं आम्ही एका सोफ्यावर बसून टीव्ही बघतोय! आणि मुदत कुणाला, तर बस डेपोत तीस वर्षं वेळापत्रकं आखणाऱ्या मला.
निश्चय: स्वतः करणार.

६ नोव्हेंबर
गाळ सुटावा म्हणून रेडिएटर रबरी हातोडीने बडवला. गाळ सुटला नाही. डेस्मंडने पलीकडून भिंतीवर ठोकून विचारलं, ट्रेव्हर, सगळं ठीक ना रे? चोंबडा. आणखी दोन घाव घातले.

१४ नोव्हेंबर, सकाळी ९
आज रेडिएटर उचकटून बागेत नेऊन नळीने धुणार. खर्च शून्य. एका बाजूचा व्हॉल्व्ह पान्याने आवळला. दुसऱ्याची चकती हिमकणाच्या खुणेवर आणली. हिमकण म्हणजे गार, गार म्हणजे बंद. यात काय शिकायचंय? ग्लेनिस म्हणाली, गालिच्यावर काहीतरी अंथर. गालिचा क्रीम रंगाचा, एप्रिलमध्ये तिच्या आईच्या पैशांतून घेतलेला. मी म्हटलं, पाणी येणारच नाही तर अंथरायचं कशाला?

दुपारी १२.१०
आलं.

१५ नोव्हेंबर
काळंकुट्ट. डांबर परवडलं. ग्लेनिसने क्रेगला बोलावलं, मला न विचारता. तो म्हणाला, दोस्त, हिमकण म्हणजे बंद नव्हे. खोली फार गार झाली की पाइप गोठू नयेत म्हणून तो व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. मी बागेचं दार तीन तास सताड उघडं ठेवलं होतं. म्हणजे व्हॉल्व्हने आपलं कर्तव्य केलं! ही खूण ठरवणारा गाढव मला एकदा भेटायला हवा. क्रेग आता सहाशे म्हणतो. गालिचा वेगळा. पुन्हा बाहेरचा रस्ता दाखवला. तत्त्वाचा प्रश्न आहे.
ग्लेनिस ओरडली नाही. तेच वाईट. म्हणाली, गालिच्याचं जाऊ दे रे ट्रेव्हर, तू फक्त एकदा 'चुकलो' म्हण. मी म्हटलं, चूक खुणेची आहे. तिने विणकाम उचललं आणि डेस्मंडकडे गेली.

९ डिसेंबर
ती रोज सहाला जाते, दहाला येते. तात्पुरतं आहे.
दरम्यान मोठा शोध लागला. आमची आणि डेस्मंडची बैठकीची भिंत एकच, आणि त्याचा रेडिएटर बरोबर पलीकडे. खुर्ची पाठीने भिंतीला लावली. मस्त ऊब. फुकट. पैसे तो मूर्ख भरतोय. साडेचारशे वाचले!
त्यांचा टीव्हीसुद्धा ऐकू येतो. ग्लेनिस कुठे हसते तेही कळतं. आज त्याच जागी मीही हसलो. मग भिंतीवर दोनदा ठोकलं. डेस्मंडने विचारलं, सगळं ठीक ना रे?
मी 'चुकलो' म्हणालो. टीव्ही मोठा होता, ऐकू गेलं नसावं.
'फक्त एकदा म्हण' असं ग्लेनिस म्हणाली होती. म्हटलं. आता पुन्हा म्हणणार नाही.