उत्तर नको

कागोशिमा, मार्च १९४५

इवाओदादा,

हे आईला सांगितलेलं नाही, म्हणून तुला लिहिते. पाठवायला पत्ता नाही.

काल दुपारी बिनतारी केंद्रात माझी पाळी होती. विमानवाहू जहाजं उरली नाहीत म्हणून हल्ली जमिनीवरून उडणाऱ्या तुमच्या बॉम्बफेकी विमानांपैकी एक ढगात वाट चुकलं होतं आणि दिशा विचारत होतं. मोर्स संदेशातला शेवटचा ठोका किंचित लांबवणारा तो हात तुझाच होता. माझ्या यंत्रावर दिशा स्पष्ट दिसत होती. एक आकडा पाठवला असता, तर तुम्ही तिघं परतला असता.

मी संदेश ठोकायच्या कळीकडे हात नेला.

"हात मागे घे, पोरी," प्रमुख मोरिवाकी म्हणाले. "शत्रूची विमानं डोक्यावर आहेत. आपण बोललो की केंद्र सापडलंच त्यांना."

"माझा भाऊ आहे तो."

"ओळखलं मी. दोघं अगदी सारखंच ठोकता."

तू पुन्हा विचारलंस. मग जरा थांबून कळवलंस, "समजलं. उत्तर नको. इंधन संपलं."

त्यानंतर चालकाचं नाव, दिशा पाहणाऱ्याचं, शेवटी तुझं. आणि पाळी संपताना आपण एकमेकांना म्हणतो तेच, "खूप श्रमलात, आभार." एकही ठोका चुकला नाही, कुठे घाई नव्हती. खाली येणाऱ्या विमानातून माणूस असं पाठवू शकतो, हे माझ्या शिक्षणात कुठेच बसत नाही.

मग नुसती खरखर राहिली. मोरिवाकी उठले आणि त्या यंत्रापुढे कमरेत वाकले. पाळीवरच्या आम्ही सगळ्या मुलीही वाकलो. पाठवायला बंदी होती, वाकायला नव्हती.

फुमिए