थ्रॉलबीच्या मनोऱ्यात निवळायला ठेवलेली बिअर

थ्रॉलबी, यॉर्कशायर
बुधवार, ऑगस्टअखेर

प्रिय हिल्डाताई,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आधी नमस्कार. ते बरे असले की तू बरी असतेस, आणि तू बरी असलीस की उलटटपाली मला बोलणी बसत नाहीत, म्हणून त्यांची चौकशी पहिली. समुद्राचं वारं सोसतंय ना? मांजर परत आलं का? इकडे तुझी भावजय डॉर्कस खुशाल आहे, घेवडा बरा आलाय आणि मीही ठीक आहे, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. खरी हकीगत पुढे आहे. चहा घेऊन बस.

माझी घरची बिअर तुला ठाऊक आहे. (गेल्या नाताळात तू तिला ‘पौष्टिक’ म्हणालीस आणि उरलेली कुंडीत ओतलीस. मी पाहिलं होतं. ते झाड अजून सावरलेलं नाही.) चव चांगली असते, हे माझे वैरीही कबूल करतात. पण सहा वर्षांत ती एकदाही नितळ झाली नाही. ग्लासात बुडवलेलं बोट दिसेनासं होतं. त्यात यीस्टला ऊब लागते, आणि आमच्या घरात उबेची जागा एकच, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. म्हणून सहा वर्षं तिथे माझी बादली आहे आणि तिथले टॉवेल जिन्याच्या कठड्यावर ओले लोंबतायत. जुलैत एके सकाळी डॉर्कस टोस्टला लोणी लावता लावता अगदी गोड आवाजात म्हणाली, “एनॉक, सहा वर्षं मी ओल्या टॉवेलनं अंग पुसतेय. यंदा गावच्या प्रदर्शनात तुझ्या ग्लासातून पेपर वाचता आला, तर बादली जन्मभर तिथे राहू दे. नाही आला, तर बादली जाईल आणि टॉवेल येतील.” ती ओरडली असती तर मी एवढा घाबरलो नसतो.

मग मी कंबर कसली. उकळी संपता संपता समुद्रशेवाळ टाकलं. (तू गुलाबांना खत म्हणून पाठवलेलं नव्हे, दुकानातलं. तुझं पहिल्या वर्षी टाकून पाहिलं होतं.) निवळेना. मग स्वयंपाकघरातलं जिलेटिन घातलं, ते नेमकं डॉर्कसच्या ट्रायफल पुडिंगचं निघालं. त्या रविवारी बिअर निवळली नाही आणि ट्रायफल घट्ट झालं नाही, जेवायला आलेल्या पाहुण्यांनी ते कपातून प्यायलं. शेवटी माशाच्या पोटातल्या पिशवीची पूड मिळते ती घातली आणि पिंप भरलं. ती पूड गाळ ओढून तळाशी नेते, पण तिची अट एकच: पंधरा दिवस गारवा आणि पंधरा दिवस कोणी हलवायचं नाही. आमच्या घरात गारवा फक्त टॉवेलांत. तेव्हा मला चर्चचा मनोरा आठवला. तळाशी दगडी खोली, भर ऑगस्टात दात वाजतील अशी. पाद्रीबाबा शाकाहारी आहेत, म्हणून माशाचं मी बोललो नाही. ते म्हणाले, “ठेवा, पण त्या पिंपावर भजनाची पुस्तकं असू देत.” पिंप इतकं झाकलं गेलं की दोन आज्यांनी त्यावर फुलं वाहिली.

बारा दिवस मी चोरपावलांनी जाऊन ग्लासात थेंबभर काढून बघत होतो. ताई, बाराव्या दिवशी त्यातून मला माझं बोट दिसलं, नखासकट. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आणि तेराव्या दिवशी, शनिवारी, खाटकाच्या मुलीचं लग्न होतं.

ऑगस्टात आमचा घंटांचा सराव बंद असतो, पण लग्नाला घंटा वाजतातच. खाटकाने तर पुरे तीन तास सांगितले होते. सहा घंटांपैकी सर्वांत जड घंटेचा दोर गेली वीस वर्षं माझ्या हातात आहे. मनोरा डुलल्याशिवाय घंटा वाजवली असं आम्ही मानतच नाही. तर तीन तास मी घामाघूम होऊन, शर्टाच्या बाह्या सारून, मन लावून, अभिमानाने तो मनोरा डुलवला. खाली उतरलो, तेव्हा भजनाची पुस्तकं जमिनीवर पसरलेली होती. ग्लासात बिअर काढली. पावसानंतर आपल्या ओढ्याला येतं तसलं पाणी. दोर ओढणारा हात माझाच, त्यामुळे शिव्याही कोणाला देता येईनात.

सोमवारी प्रदर्शन. परीक्षक म्हणजे बिअरच्या तळघरात हयात घालवलेले सग्डन. ते स्वतः वाचत नाहीत. त्या बिअरबद्दल गावात सर्वांत वाईट बोलणाऱ्याने चष्मा लावून वाचायचं, मालकाने ग्लासामागे पेपर धरायचा, अशी आमच्याकडची जुनी पद्धत. सग्डननी “कोण वाचणार?” विचारताच सगळा तंबू डॉर्कसकडे बघायला लागला. मी पेपर धरला. डॉर्कसने चष्मा पुसला आणि खडाखडा वाचलं, “हरवले आहे. मध्यम आकाराचे कासव. ब्रिगेडियर या नावाला ओ देते. शेवटचे लेट्यूसच्या वाफ्यात दिसले.” टाळ्या पडल्या. सग्डननी ग्लास उजेडात बराच वेळ फिरवला आणि कार्डावर लिहिलं, ‘नितळपणा: वाचणाऱ्या बाईंच्या शब्दावर.’ मला तिसरा क्रमांक मिळाला. स्पर्धक तिघे होतो. बादली आता जन्मभर कपाटात राहील. आनंदाची बातमी म्हणून कळवतो.

तुझा धाकटा भाऊ,
एनॉक

ता. क. पेपरची घडी घालताना माझ्या लक्षात आलं की मी तो उलटा धरला होता. शिवाय त्या पानावर कासव नव्हतंच, बसचं वेळापत्रक होतं. कासव तिने सकाळी न्याहारीला मला वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून कठड्यावरचे टॉवेल दिसले की मी मान फिरवून जिना चढतो. मला कळलंय हे तिला कळता कामा नये, ती शरमेल. म्हणून खरं काम असं: तू तिला लिही की गुडघ्यांसाठी तुला घरी बिअर करून बघायचीय, तेव्हा एनॉकची बादली पाठव. बादलीची देखभाल करायला मी दर शनिवारी येत जाईन.

आणखी एक. तुझ्या तळघराजवळ घंटा आहे का, ते आधी कळव.

हिल्डावन्सं, पाकीट चिकटवायला एनॉकने माझ्याकडे दिलं, म्हणून हे चार शब्द माझे. पेपर उलटा होता ते मला दिसलं होतं. त्याचे हात इतके कापत होते की सुलटा असता तरी वाचता आला नसता. बादली मागू नका. ती तुमच्याकडे आली तर शनिवारी तोही तुमच्याकडे येईल, मग मी घरात बोलू कोणाला? ओल्या टॉवेलांची आता सवय झालीय. नाताळला याल तेव्हा मात्र आपला टॉवेल घेऊन या.

डॉर्कस