मानाची खुर्ची

रविवार, १ ऑक्टोबर २००६

आज पुन्हा तेच! चंद्रहाससाहेब उपासनेला उशिरा आले, तरी पाळकसाहेबांनी संदेश थांबवून त्यांना पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. माझा नवरा हेमचंद्र त्यांच्या कंपनीत, म्हणून मीही हसून सलाम केला.

संदेश कशावर? नीतिमानाच्या घरी संपत्ती नांदते, यावर! म्हणजे पुण्याहून इंजिनिअर इथे जपानला आणून इथल्या कंपन्यांना पुरवणारे साहेब नीतिमान. मग त्या सगळ्यांचे पासपोर्ट साहेबांच्या कपाटात का?

मंगळवार, ३ ऑक्टोबर

नगरहून दिराचा फोन. आईंना दवाखान्यात ठेवलंय. "दादाला पाठव, वहिनी. ती सारखं त्याचंच नाव घेतेय." माझी आई गेली तेव्हा आठवडाभर मला जवळ घेऊन झोपल्या होत्या या. हेमचंद्र म्हणाला, उद्या पासपोर्ट मागतो.

बुधवार, ४ ऑक्टोबर

"साहेब देत नाहीत. क्लायंटची नवी सिस्टिम सुरू होईपर्यंत नाही म्हणतात." एवढंच बोलला आणि आंघोळीला गेला.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, तुम्ही शब्द टाका.

"सुप्रभाताई, अधिकाऱ्याला मान द्यावा असं शास्त्रच सांगतं."

"आईबापांचा मान राखा, हेही शास्त्रातच आहे ना? तेही दहा आज्ञांत!"

"संदर्भ बघावा लागतो."

"मग श्रीमंताला देवाच्या राज्यात शिरणं अवघड, त्याचा संदर्भ काय?"

चहा घ्या म्हणाले. उपासनेच्या हॉलचं भाडं साहेब भरतात — हा खरा संदर्भ!

येताना ट्रेनमध्ये डोक्यात तेच. एकाच पुस्तकात धन आशीर्वाद, आणि त्याच पुस्तकात धन अडसर. लहानपणी गोंधळायचे. आता वाटतं, ते धन कुठून आलं, हे प्रभू विचारतो. पाळकसाहेब विचारत नाहीत.

शनिवार, ७ ऑक्टोबर

उद्याचं शास्त्रवाचन माझ्याकडे. सद्गुणी स्त्रीचा उतारा — साहेबांच्या पत्नीच्या, लीलावतीबाईंच्या मानार्थ. हेमचंद्र दोनदा म्हणाला, "नीट वाच हं. साहेब असतील."

रविवार, ८ ऑक्टोबर

नीटच वाचलं. पण ते नाही! बायबलमधलं याकोबाचं पत्र काढलं. सोन्याची अंगठी घालून येणाऱ्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, असं करू नका म्हणतो ना, ते. मग पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "साहेब, माझी सासू आजारी आहे. माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट द्या."

साहेब चिडले नाहीत. हेमचंद्रकडे बघायला लागले. "अहो, पण —" म्हणेपर्यंत हेमचंद्रने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"अब्रू घालवलीस माझी!"

"आईपेक्षा मोठी आहे का ती?"

इचिकावाच्या हॉलपासून ओजिमाला घरी येईपर्यंत तो ट्रेनच्या दाराशी पाठ करून उभा. मीही उठून जवळ गेले नाही. का जाऊ?

सोमवार, ९ ऑक्टोबर

सुट्टी असून हेमचंद्र ऑफिसात. पाळकसाहेबांचा फोन — यापुढे वाचन मला नाही. नका देऊ! स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

कचरा टाकून वर आले तर दारात लीलावतीबाई! आत बसल्या, पण कोट काढला नाही.

"वाचलंत ते बरं केलंत. मला सद्गुणी म्हणायला लागले की लाज वाटते हो." पिशवीतून पासपोर्टांचा गठ्ठाच काढला. "कपाटाची चावी माझ्याकडे असते. ज्याचे त्याला देत निघालेय. घरी काय व्हायचं ते होऊ दे."

मी अधाशासारखी हेमचंद्रचा शोधायला लागले.

"तुमचा नाही त्यात." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "हेमचंद्रभाऊंनी मागितला त्याच दिवशी मी काढून दिला की! आई आजारी म्हटल्यावर साहेबसुद्धा म्हणाले, जाऊन या. भाऊच म्हणाले, आत्ता गेलो तर मॅनेजरची जागा दुसऱ्याला मिळेल."

त्या गेल्या. मी तिथेच बसून राहिले. भात लागला.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

पासपोर्टचं विचारलं तर हेमचंद्र म्हणाला, "हे सगळं तुझ्यासाठीच करतोय."

नारिता विमानतळावर बसून लिहितेय. माझा पासपोर्ट माझ्याकडेच होता; एकटीच निघालेय. आईंनी विचारलं तो का नाही आला, तर खरं तेच सांगणार.