तुम्हाला तिसऱ्या महिन्यातच दिसलं होतं

बारामती, रविवार

प्रिय तात्या,

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला आणि मी आत्ता पत्र लिहायला बसलोय. तुम्ही होतात तेव्हा दोन ओळी लिहायला मला हात नव्हते का? होते. पण तेव्हा राग होता. आता उद्या तुमचा गणपत माझ्या दारात उभा राहणार, आणि त्याला काय सांगायचं हे विचारायला मला दुसरं कुणी उरलं नाही.

तुमचा शेवटचा विद्यार्थी तो! डॉक्टरेटचं काम निम्म्यावर आणि गुरू गेले. कॉलेजने तो माझ्या गळ्यात बांधलाय. गेल्या सोमवारी इंदापूरहून मोटारीने धूळ खात आला, वही पुढ्यात ठेवली आणि म्हणतो कसा, "तात्या कायबी सांगायचं न्हाईत. म्हणायचं, तूच ठरव. तुमी तरी सांगा, पुढं काय करू?"

मला हसू आलं.

वही चाळली. मातीचे नमुने सगळे गाडीवाटेच्या कडेच्या शेतांतले! बैलगाडी जाते तिथवर हा जातो. पाटाचं पाणी साचून नासलेली शेतं पार आत, गुडघाभर चिखलात. तिकडे फिरकलाच नाही, त्यामुळे याच्या वहीत इंदापूरची जमीन अगदी ठणठणीत. मी पेन्सिल उचलली होती, तात्या. तेवढ्यात तुम्ही आठवलात आणि म्हटलं, पुढच्या सोमवारी ये.

पहिल्या वर्षी तुम्ही मला बोट धरून चालवलंत. गिरमिट जमिनीत किती खोल घालायचं, बाटलीला चिठ्ठी कशी बांधायची, सगळं शिकवलंत. माझ्या चार वाक्यांतली तुमच्या लाल पेन्सिलीतून दोन वाचायची. आणि दुसऱ्या वर्षी एकाएकी बोट सोडलंत! काटेवाडीच्या आबांच्या शेताला खार फुटला होता, मिठाचा पांढरा थर नुसता! तो कधी वर येतो, कधी खाली बसतो, हे मी शोधायचं होतं. "नमुने कधी घ्यायचे ते तूच ठरव," म्हणालात.

मी ठरवलं, महिन्याचा पहिला रविवार. तुम्ही कागद पाहिलात, चष्मा काढून पुसलात. "रविवारच का रे, दिगू?"

"सुट्टी असते, तात्या."

"बरं," म्हणालात आणि कागद परत दिलात. बस्स, एवढंच!

वर्षभर मी पुण्याहून निघून दौंडला गाडी बदलून त्या छोट्या गाडीने बारामतीला येत राहिलो. आई म्हणायची, "लोकांची पोरं नोकरीला लागली, आमचं अजून मातीत खेळतंय." वर्ष संपलं तेव्हा माझा सिद्धान्त तयार होता, थंडीत खार खाली बसतो. आनंदाने आबांना वाचून दाखवला. ते बांधावर बसून ऐकत होते.

"अवं साहेब, थंडीचा काय संबंध? पाटाच्या पाण्याची पाळी झाली की खार खाली बसतोय, पाळी लांबली की वर येतोय. तुमचा रविवार कधी पाळीच्या आधी पडतोय, कधी मागनं."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तुमी कुठं इचारलं?"

सगळं वर्ष पाण्यात! तसाच पुण्याला येऊन तुमच्यासमोर उभा राहिलो. विचारलं, तुम्हाला हे दिसलं होतं का? तुम्ही खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं. "तिसऱ्या महिन्यातच दिसलं होतं," म्हणालात. माझ्या कानशिलांवर निखारे ठेवल्यासारखं झालं. काय काय बोललो मी! तुम्ही ऐकून घेतलंत आणि शेवटी म्हणालात, "मी सांगितलं असतं तर तो प्रबंध माझा झाला असता."

खरं सांगतो, त्या दिवसापासून ते काम मला माझं वाटायला लागलं. पाळीच्या आदल्या दिवशी आणि नंतर कितव्या दिवशी नमुने घ्यायचे, हे ठरवताना तुमचं तोंड बघावं लागलं नाही. प्रबंध झाला, नावाजला गेला. तरी पेढे तुमच्या घरी नाही, कॉलेजातल्या टेबलावर ठेवून गेलो. दिवाळीला काकूंनी निरोप धाडला, मी आलो नाही. तुमच्या आजारपणात एकदा आलो तोही खुर्चीच्या टोकावर बसलो आणि पावसापाण्याचं बोललो. कसला हा ताठा, तात्या!

परवा काकूंनी बोलावून घेतलं. "त्यांच्या कपाटातली ती माती तेवढी घेऊन जा रे बाबा." लाकडी पेटी होती. उघडली तर आत बाटल्या, प्रत्येकीला तुमच्या हातची चिठ्ठी. काटेवाडी, आबांचा तुकडा, पाळीच्या आदल्या दिवशी. काटेवाडी, आबांचा तुकडा, पाळीनंतर तिसऱ्या दिवशी. सगळ्या त्याच वर्षाच्या, चौथ्या महिन्यापासून! आणि झाकणाच्या आतून चिकटवलेला कागद: "दिगूला सापडलं नाही तर."

काकू म्हणाल्या, "त्या वर्षी दम्याने बेजार, तरी सारखे बारामतीला पळायचे. म्हणायचे, नातलगाकडे जातो. मी म्हटलं, तिकडे आपलं कोण आहे?"

मी काकूंसमोर ढसाढसा रडलो. म्हणजे आबाही तुम्हाला सामील! आणि माझं वर्ष बुडणारच नव्हतं. मग एवढं ऐकून घेताना पेटी माझ्यापुढे का आदळली नाहीत? का माझा राग अंगावर घेऊन गेलात?

उद्या गणपतला एवढंच विचारीन, "हीच शेतं का निवडलीस?" त्यापुढे ओठ शिवून बसेन. शनिवारी गुपचूप गिरमिट घेऊन इंदापूरच्या त्या चिखलात उतरेन आणि त्याच्यासाठी नमुने भरून ठेवीन. पण तात्या, तुमचं एक मी ऐकणार नाही. त्याला त्याची चूक सापडेल, त्याच दिवशी माझ्या बाटल्या त्याच्यापुढे ठेवीन. त्याला भांडायचं असेल तर मी समोर असताना भांडू दे, आणि भांडून झालं की घरी जेवायला येऊ दे. हा शब्द देतो.

तुमच्या पाया पडायचा राहिलेला,
दिगू