दोन पडद्यांमधला ग

६ जाने. ८६
विक्रोळीला ऑफिसात जेनीने कॅसेट दिली. तिचा भाऊ रॉनी बोटीवर असतो, प्रत्येक बंदरातून काहीबाही उचलून आणतो. ही तुर्कस्तानची. घरी लसूण सोलता सोलता लावली आणि लसूण तसाच राहिला. काय सूर आहेत. ओळखीचे वाटतात आणि मग भलतीकडेच वळतात. कपाटावरून गिटार काढली. कॉलेजातले चार कॉर्ड सोडले तर मला काय येतं? तरी बसले.

बाबा दारात येऊन उभे. पाटीवर लिहिलं, 'चहा'. दिवाळीत घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पाटीच. डॉक्टर म्हणतात, जखम भरली, आता बोलायलाच हवं. पण सासरे माझे भजनाचे बुवा. डबलबारीच्या सामन्यात समोरच्या बुवाला गप्प बसवणारा गळा. फाटक्या आवाजात चहा मागायची लाज वाटते त्यांना.

८ जाने.
सापडलं. सा, कोमल रे, आणि तिथून थेट शुद्ध ग. मधे ही एवढी उडी. करंगळी बोंबलतेय. वर-खाली, वर-खाली. पोळी करपली.

सुहास आला तो बूट न काढताच, "अगं, घरात नाग निघेल."

"निघाला तर तू पकड ना."

जेवताना स्वतःच तेच गुणगुणत होता. मी नुसती बघत राहिले. मग लाजला.

१५ जाने.
काल जेनीला तिळगूळ दिला, तिने जपानची कॅसेट दिली. आज दिवसभर डोक्यात तेच, ड्रॉइंगवर शाई सांडता सांडता वाचली.

ह्या लोकांना पाच सूर पुरतात. सा, कोमल रे, म, प, कोमल ध. ग नाही, नी नाही. माझं बोट सवयीने ग वर जातं आणि सगळी वाट लागते. जमलं तेव्हा मात्र झकास, खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली.

बाबा ऐकत होते. पाटीवर रागाचं नाव: 'गुणकली. आपली.'

मी म्हटलं, "बाबा, जपानची आहे."

त्यांनी 'आपली'खाली रेघ मारली.

२३ जाने.
तुर्की कॅसेटची दुसरी बाजू. इथे ग कुठला ते कळेना. कोमल वाजवला तर खाली, शुद्ध वाजवला तर वर. गाणारा मधेच कुठेतरी आरामात बसलाय आणि माझ्या गिटारीला तिथे पडदाच नाही, बोट टेकायला पट्टीच नाही. तार ओढून पाहिली. कधी पोचते, कधी नाही. खाटेवरून बाबा दर वेळी मान हलवणार, नाही, नाही. शेवटी तार तुटून हाताला लागली. मी वैतागून म्हटलं, "मग तुम्हीच दाखवा."

आणि त्यांनी दाखवला.

आवाज कसला, गंजलेली कडी सरकवल्यासारखा. पण ग तोच. अगदी तिथेच. सुहास ताट हातात घेऊन उभाच राहिला. बाबा उठून मोरीत गेले, चूळ भरत बसले बराच वेळ.

२५ जाने.
परत पाटी. सुहास म्हणतो, "मागे लागू नकोस गं. आपला आवाज त्यांनी स्वतः ऐकला ना, तेच लागलंय."

असेल. पण सूर बरोबर होता हे कोणी सांगायचं? मी सांगितलं. बाबा पेपर वाचत राहिले. पान मात्र उलटलं नाही.

९ फेब्रु., रवि.
मनोरीला, जेनीच्या घरी. रॉनी सुट्टीवर आलाय, जेनीने आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. बाबांना बाहेर काढणं म्हणजे... पण मासे म्हटल्यावर तयार. मार्व्याहून बोटीत बसले तेव्हा गिटार त्यांनीच मांडीवर घेतली.

जेवण झाल्यावर रॉनीला तो मधला ग सांगितला. तो म्हणाला, "त्यांचे पडदे बांधलेले असतात, दोऱ्याचे. मी बघितलंय, सरकवतात." सतारीसारखे, म्हणजे. त्याने आतून नायलॉनची तंगूस आणली, गळाला लावतात ती, जाड बघून. पडवीत बसून गिटारीच्या गळ्याला करकचून बांधली, दोन पडद्यांच्या मधे. आता नेमकी कुठे? मी सरकवतेय वर, सरकवतेय खाली. सगळे बाबांकडे बघतायत. त्यांना सुचेना, पाटी घरी राहिलेली.

मग म्हणाले, "मागे घे गो. थोडां. आजून. हां."

वाजवला. लागला.

मी पूर्ण चाल वाजवली आणि बाबा मागून आले, हळू, आकारात. वरच्या सा ला आवाज फाटला. थांबले. मला वाटलं संपलं. तर हसायला लागले, खोकत खोकत. "परत," म्हणाले. परत फाटला. परत हसले. जेनीची आई आतून सोलकढी घेऊन आली, कोणीच घेईना. मग खालच्या सा वरून धरलं त्यांनी, आणि तिथे...

लिहिता येत नाही. सुहास समुद्राकडे तोंड करून उभा होता.

१ मार्च
भजनी मंडळाची माणसं आली होती घरी. रामनवमीला डबलबारी आहे, बुवा हवेत. बाबा म्हणाले, "वरचो आवाज नाय माका. खालसून गायन." ते म्हणाले, चालेल. मग माझ्याकडे बोट, "पण हिका घेतलास तर. गिटार घेवन."

भजनात गिटार. सून. चहाचे कप खाली ठेवले सगळ्यांनी. पखवाजवाले काका म्हणाले, "बुवा, समोरची पार्टी हसेल हो."

"हसांदेत."

विचारून सांगतो म्हणून गेले. कोणाला विचारणार, देव जाणे. बाबांना काही नाही, ते अभंगाला जपानी चाल बसते का बघतायत. अर्धी बसलीय.