सत्कार झाला, पोहायचं राहिलं

कर्जत,
९ जानेवारी

ती. उमाताईस,

मधूचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण सध्या खाली वाकलो की पोटरीत गोळा येतो आणि मग कुणालातरी उठवायला बोलवावं लागतं, म्हणून हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, की ते अजून थंडी सरायची वाट बघताहेत? (मागच्या खेपेला ते उन्हाळा सरायची वाट बघत होते.) इकडे निवेदिता बरी आहे, घर ठीक आहे आणि वरवर बघणाऱ्याला मीही ठीकच दिसतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर मी फोनवर बोलतो ते निवेदिताला स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि तू फोन स्पीकरवर ठेवतेस ते नाशिकला भावोजी आणि शेजारच्या बाई दोघंही ऐकतात. हे पत्र तू एकटीने वाच.

सांगायचं ते असं की मी फार घाबरलो आहे. येत्या एक फेब्रुवारीला खालापूर तालुक्यातल्या एका धरणावर ट्रायथलॉन नावाची शर्यत आहे आणि तिच्यात माझं नाव आहे. आधी धरणात एकोणीसशे मीटर पोहायचं, तसंच ओलेत्याने सायकलवर बसून नव्वद किलोमीटर जायचं, आणि सायकल टाकून एकवीस किलोमीटर पळायचं. पोहणं सत्तर मिनिटांत झालं नाही तर होडीतून उचलून आणतात. माझं वय चोपन्न. माझी शुगर काठावर आहे. आणि मला पोहायला येत नाही, हे साऱ्या जगात फक्त तुला आणि आणखी एकालाच (तो पुढे येईल) ठाऊक आहे.

हे झालं कसं ते ऐक. आमचा सौमित्र, दाताचा डॉक्टर, तुझ्या लग्नात जिलब्या लपवून ठेवणारा, त्याने दिवाळीनंतर मिसळ खाताना हा विषय काढला. आम्ही सहा जण होतो. त्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, "मधू, पोहायला येतं ना रे तुला?" आता मी नदीकाठी जन्मलेला कर्जतचा माणूस. त्यात शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवतोय, देशातल्या यच्चयावत नद्या उगमापासून मुखापर्यंत तोंडपाठ. मी काय सांगणार होतो? "येतं की," म्हणालो. एवढे दोनच शब्द. मिसळ संपायच्या आत त्याने मोबाइलवर माझा फॉर्म भरला होता. (पुढे पंधरा दिवसांनी त्याचीच टाच दुखावली आणि त्याने स्वतःचं नाव मागे घेतलं. आता तो लंगडत येऊन मला सल्ले देतो.)

तुला तो दिवस आठवत असेलच. मी नऊ वर्षांचा होतो, तू चौदाची. तू कपडे धूत होतीस आणि मी एका पायाने डोहाची खोली बघत होतो. तू मला केसाला धरून बाहेर काढलंस, पाठीत दोन धपाटे घातलेस आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरवून घरी नेलंस. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं मी घोट्याच्या वर पाण्यात गेलो नव्हतो. शाळेच्या सहली मी समुद्रावर नेल्या, पण चपला सांभाळायला नेहमी मीच बसायचो. मुलं म्हणायची, सर किती चांगले आहेत.

नोव्हेंबरात मी गुपचूप शिकवणी लावली. आपल्या पेज नदीला वीजघरातून पाणी सोडतात, म्हणून ती बारमाही. तिच्या काठच्या वाडीत लडकू म्हणून एक ठाकूर आहे, साठीचा, मासे धरतो. त्याची मुलगी संध्या माझी विद्यार्थिनी. तिच्या जातीच्या दाखल्याचे कागद मी तहसीलमधून पुरे करून आणायचे आणि त्याने मला पोहायला शिकवायचं, असं आमचं ठरलं. (दाखला मिळाला. म्हणजे माझ्या बाजूने व्यवहार पुरा झालेला आहे.) रोज सकाळी मी काठाकाठाने हात मारतो आणि लडकू खडकावर बसून विडी ओढतो. गेल्या महिन्यात मी त्याला अभिमानाने म्हणालो की आज मी न थांबता डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. त्याने विडी विझवली आणि म्हणाला, "सायेब, तुमी पवता कुठं? हातानं पवता नि पायानं चालता. मी रोज बगतो. खाली रेती उडती ना." ताई, खरं आहे ते. वीस हात मारले की माझा अंगठा आपोआप खाली जातो आणि तळ आहे का ते बघून येतो. तळ असला की मला बरं वाटतं. धरणात तळ खूप खाली असतो, असं मीच दरवर्षी आठवीला शिकवतो.

बरं, माझ्यापुरतंच असतं तर मी एव्हाना ताप आला म्हणून मोकळा झालो असतो. पण मध्ये सायकलचं प्रकरण घडलं. मी रविवारी कर्जतहून खोपोलीकडे सायकल मारतो. या रस्त्यावरची माणसं इतकी भली आहेत की डोक्याला हेल्मेट घातलेला, घामाघूम झालेला माणूस सायकलवर दिसला की त्याच्यावर काहीतरी प्रसंग आला आहे असंच ती समजतात. "काका, पंक्चर हाय काय? बसा, सोडतो," असं मला आजवर एका ट्रॅक्टरने, दोन दुधवाल्यांनी आणि लग्नाच्या एका वऱ्हाडाने विचारलं आहे. खोपोलीच्या शिळफाट्याला विलास नावाचा टेंपोवाला तर दर रविवारी विचारायचा. सहा रविवार मी नाही म्हणालो. सातव्या रविवारी, डिसेंबरात, माझ्या पायात गोळे आले होते आणि विलासच्या टेंपोत कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओलं गोणपाट होतं. मी सायकलसकट त्या गोणपाटावर जाऊन पडलो आणि थेट कर्जतला उतरलो.

माझ्या मनगटावर घड्याळ होतं, ते मी बंद करायला विसरलो. हे घड्याळ सौमित्रनेच माझ्या गळ्यात मारलेलं. आपण किती वेगाने गेलो हे ते परस्पर आमच्या सगळ्या मिसळवाल्या ग्रुपला कळवतं. त्याने कळवलं की मधुकर सर शिळफाटा ते कर्जत तासाला सेहेचाळीस किलोमीटरच्या वेगाने आले, आणि तेही छातीचे ठोके एकदम शांत ठेवून. (मी झोपलो होतो.) सौमित्रने ते वाचनालयात सगळ्यांदेखत आबाजींना दाखवलं. आबाजी म्हणजे आमच्या वाचनालयाचे कार्यवाह, ज्यांना सत्कार केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. ताबडतोब मी खुलासा करायला हवा होता. मी तोंड उघडलं, पण सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तुला माझा स्वभाव माहीत आहे.

चार दिवसांनी स्टेशनाबाहेर रिक्षा स्टँडवर माझा फ्लेक्स लागला. 'कर्जतचा पोलादी पुरुष.' फोटो माझ्या साखरपुड्यातला, सफारी घातलेला, आणि त्याला खालून दुसऱ्याच कुणाचेतरी पाय आणि सायकल जोडलेली. कडेने वाचनालयाच्या अकरा सभासदांचे गोल फोटो, शुभेच्छुक म्हणून. त्यात आबाजींचा फोटो माझ्याएवढाच मोठा आहे. निवेदिता रोज भाजी आणताना तो बघते आणि घरी येऊन भाजी निवडायला बसते.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण वाचनालयाचा वार्षिक समारंभ चार जानेवारीला होता, आणि प्रमुख पाहुण्यांना फेब्रुवारीत वेळ नव्हता. तेव्हा आबाजींनी ठरवलं की सत्कार आत्ताच उरकून घ्यावा, शर्यत काय मागाहून होतेच आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. 'ही अतिशय खडतर स्पर्धा जिद्दीने पूर्ण केल्याबद्दल' असं त्यात छापलेलं आहे, फक्त तारखेची जागा कोरी सोडली आहे. "ती तेवढी नंतर शाईच्या पेनाने घालू, सर," असं आबाजी माझ्या कानात म्हणाले. पाहुण्यांनी मला विचारलं की पाण्यात असताना मनात काय विचार होते. अडीचशे माणसं बसली होती. मी म्हणालो, "फक्त पलीकडचा काठ." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत लडकू उभा होता, मुलीला बक्षीस होतं म्हणून आला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. हसलाही नाही. नुसता माझ्याकडे बघत होता, आणि ताई, मला त्या शालीत दरदरून घाम फुटला.

आता एक तारखेला वाचनालयातर्फे बस निघणार आहे. नाश्त्याला उपमा ठरला आहे. ही सगळी माणसं धरणाच्या काठावर उपमा खात उभी राहणार आणि मला होडीतून आणताना बघणार. होडीतून आणलं तर ते बरंच म्हणायचं, कारण रात्री डोळा लागला की मला होडी उशिरा येताना दिसते. निवेदिताला सांगावं असं दहादा मनात आलं. पण लग्न ठरलं तेव्हा पोहता येतं असं मी तिलाही सांगितलेलं आहे.

बाकी सर्व ठीक. पत्र लांबलं. भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा, जपून राहा आणि या भावाची काळजी करू नकोस. ती मी पुरेशी करतो आहे.

तुझा,
मधू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. एकतीस जानेवारीला, शनिवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास तू निवेदिताच्या फोनवर (माझ्या नव्हे) फोन करून तुला छातीत दुखतंय आणि मधूला ताबडतोब पाठव, असं सांगावंस. आवाज जरा खोल काढ. भावोजींना बोलायला देऊ नकोस, त्यांना हसू येतं. एकुलती एक बहीण आजारी म्हटल्यावर आबाजीसुद्धा काही म्हणू शकणार नाहीत. मी रात्रीच नाशिकला येतो, आपण रविवारी थालीपीठ खाऊ, आणि मानपत्राचं काय करायचं ते पुढे बघता येईल.

ता. क. दुसरा, १० जानेवारी. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज सकाळी डोहात उतरलो तर वीजघरातून पाणी जास्त सुटलं होतं. लडकूला ते ठाऊक होतं, पण मला तो काही बोलला नाही. वीस हात मारले, सवयीने अंगठा खाली गेला, आणि खाली काही नव्हतं. पुन्हा बघितलं, तरी नव्हतं. मी ओरडलो. लडकू माझ्या शेजारीच पाण्यात होता, तो कधी उतरला ते मला कळलंही नाही. म्हणाला, "सायेब, आता चालाया जागा नाय. आता पवा." दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी पोहलो. पलीकडच्या खडकाला हात लागला तेव्हा मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. लडकू दुसरीकडे तोंड करून विडी शोधत बसला. (ती भिजली होती.) नंतर घरी येऊन निवेदिताला सगळं सांगितलं, टेंपोसकट. ती म्हणाली, पोहता येत नाही हे तिला लग्नानंतरच्या अलिबागच्या सहलीपासून माहीत आहे, चपला सांभाळताना तिने बघितलं होतं. त्या रविवारी माझ्या अंगाला कोथिंबिरीचा वास का येत होता, ते मात्र तिला आज कळलं. उद्या आबाजींकडे जाऊन मानपत्र परत करणार आहे. तारीख घालायची वेळ आली तर मग बघू.

ता. क. तिसरा. तेव्हा फोन करू नकोस. भीती गेलेली नाही, तळ तितकाच खाली आहे, आणि एका डोहाने धरण होत नाही. पण तू ये. भावोजींना घेऊन शुक्रवारीच ये, आणि रविवारी ती हळदी रंगाची साडी नेस. पाण्यात चष्मा काढावा लागतो, मला माणसं दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात. हाका मारू नकोस, कानात पाणी असतं. काठावर उपमावाल्यांपासून जरा लांब, एकटी उभी राहा. धरून ओढायला आता डोक्यावर केस उरलेले नाहीत हे खरं, पण तू उभी आहेस एवढं दिसलं तर मी तुझ्या दिशेने पोहत येईन.