सिंधूअक्कांच्या मनगटावरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

बातम्या पाठवून झाल्या, राग मात्र इथेच राहिला. दिलीपशेठच्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, नव्या पुड्यासाठी गोष्ट लिहून दिली होती. एरंडोलच्या सिंधूअक्का, त्यांची आंबवलेली ज्वारी, खाटेवरच्या ओल्या धोतरावर घातलेले बिबडे. शेठचा कारखाना आजही त्यांच्याच हातावर चालतो. आज पुड्याचा नमुना आला, तर गोष्टीत अक्कांच्या जागी शेठची आई. त्या माउलीने बिबडे तळून ताटात आलेलेच पाहिलेत.

फोन केला. शेठ म्हणाले, "शास्त्रीबुवा, ब्रँडला एकच आई लागते. दोन झाल्या की गिऱ्हाईक गोंधळतं."

"कृष्णाला दोन होत्या. त्याचं गिऱ्हाईक अजून तुटलेलं नाही."

हसले. म्हणाले, "हे पण पुड्यावर टाकू का?"

पण ते मनगट. फोटो अक्कांच्याच हाताचा घेतलाय, फक्त लहानपणी गोंदलेलं 'सिंधू' पुसलंय. जन्मभर न जाणारं गोंदण यांनी एका दुपारीत घालवलं. आणि भोवती शब्द माझे. मग मी नक्की कोणावर चिडतोय?

परवाच अक्कांनी विचारलं होतं, "भाऊ, पुडावर मन्हं नाव शे ना?" मी ऐटीत 'शे', म्हणजे आहे, म्हणालो होतो.

आत्ता शेठना कळवलं: मनगट होतं तसं छापा, नाहीतर माझं अक्षरही छापू नका.

उत्तरात नुसता पिवळा अंगठा आला. त्यावरही काही गोंदलेलं नाही.